मागून येणाऱ्यांचं पाणी

१

मेधाचा स्वभावच असा, की दुसऱ्याच्या घरी गेली तरी तिचे हात स्वस्थ बसायचे नाहीत. जेवायला बोलावलं तर यजमानीणबाईंचा ओटा पुसून यायची, मुक्कामाला गेली तर निघताना मोरी घासून. "तू पाहुणी म्हणून जातेस की कामाला?" असं तिचा नवरा अनुराग तिला नेहमी चिडवायचा. ती म्हणायची, "आपल्या मागे आपली घाण राहू नये, एवढंच." यात थोडा अभिमानही होता. आपण नीटनेटक्या आहोत हे चार लोकांना दिसावं, असं तिला वाटे. कोणाला वाटत नाही?

अनुराग पुण्याच्या कंपनीकडून तोक्योला आला, त्याला वर्ष होत आलं होतं. ओजिमाच्या सरकारी वसाहतीत, उंच इमारतीच्या नवव्या मजल्यावर दोघं राहायची. डिसेंबर संपता संपता त्यांचा गीझर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं कमरेत वाकून माफी मागितली आणि नव्या वर्षाच्या सुट्ट्या संपल्याशिवाय पार्ट मिळणार नाही, असं सांगून तो गेला. अनुराग ऑफिसजवळच्या जिममध्ये आंघोळ उरकू लागला. मेधा पातेल्यात पाणी तापवून बादलीत ओतायची आणि दात वाजवत दोन तांबे घ्यायची.

हे तिनं इसोबे-सानना, म्हणजे इसोबेबाईंना, सहज सांगितलं. वॉर्डाच्या केंद्रात परदेशी बायकांना फुकट जपानी शिकवणाऱ्या या बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या होत्या, एकट्या राहणाऱ्या, हळू आवाजाच्या. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"मग उद्या माझ्याकडे या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पाणी तापतंच. रोज, न चुकता."

घर कालव्याच्या भिंतीला लागून होतं. जुनं, लाकडी, दोन्ही बाजूंच्या इमारतींनी दाबून धरलेलं. समोरच्या विजेच्या खांबावर, माणसाच्या डोक्याच्या वर, निळा पट्टा रंगवलेला होता. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी तिथवर असते, मधे भिंती आहेत म्हणून आपण कोरडे, हे मेधाला अनुरागनं आल्या आल्याच सांगितलं होतं. तिथून जाताना ती त्या पट्ट्याकडे बघायची टाळायची.

न्हाणीघरात खोल चौकोनी टब होता आणि त्यावर लाकडी फळ्यांचं झाकण. "पहिलं पाणी पाहुण्याचं," इसोबे-सान म्हणाल्या. "बाहेर अंग धुवा, मग आत बसा." दाराजवळच्या टोपलीत टॉवेलांच्या घड्या रचून ठेवल्या होत्या, पार वरपर्यंत. एकट्या बाईच्या घरी एवढे टॉवेल कशाला, असं मेधाला वाटलं खरं, पण गरम पाण्यापुढे माणसाला फार प्रश्न सुचत नाहीत.

ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली. हाडं सुटी झाली. आणि बाहेर आल्यावर तिनं पाहिलं, तर पाण्यावर तेलाचा तवंग. सकाळीच तिनं केसांना खोबरेल चोपडलं होतं. शिवाय दोन लांब केस वर तरंगत होते.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वापरलेलं पाणी, तेही असलं, दुसऱ्याच्या घरात ठेवून जायचं? तिनं वाकून बूच ओढलं. पाणी घशात अडकल्यासारखा आवाज करत बराच वेळ खाली जात राहिलं. मग तिनं कोपऱ्यातला ब्रश घेतला आणि टब आतून लखलखीत घासला. अंगावर कपडे चढवताना तिला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात दाराबाहेरून इसोबे-सानचा आवाज आला. "मेधा-सान, झाकण लावून ठेवाल ना? पाणी गरम राहायला हवं. मागून येणाऱ्यांना."

म्हणजे इथं सगळे पाळीपाळीनं एकाच पाण्यात बसायचे, हे मेधाच्या ध्यानात आलं. आता दार उघडून सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. पण इंडियन बाईला एवढंही कळत नाही, हे त्या सभ्य चेहऱ्यावर उमटेल, दिसू न देता उमटेल, ते तिला बघवणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"हो हो, लावते," ती म्हणाली, आणि रिकाम्या टबावर तिनं एकेक फळी नीट बसवली.

२

घरी येईपर्यंत तिनं स्वतःची समजूत घातली होती. मागून येणारे म्हणजे कोण? भाची असेल, शेजारीण असेल. टब रिकामा दिसला की पुन्हा भरतील. पाण्याला काय तोटा आहे जपानात?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, म्हणजे तिथल्या डिसेंबरात चहाच्या वेळेलाच, ती बाजार करून आली. हात धुवायला घरच्या न्हाणीघरात गेली तर टबावर झाकण अंथरलेलं. इथलं झाकण प्लॅस्टिकचं, गुंडाळायचं. आल्या दिवसापासून ते कोपऱ्यात उभं होतं, कारण ही दोघं टबात बसायचीच नाहीत; टबात त्यांची बादली आणि तांब्या असायचा. आता बादली बाहेर फरशीवर होती आणि झाकण कडेला कड लावून पसरलेलं होतं.

"तू टब झाकलास का रे?" तिनं रात्री जेवताना विचारलं.

"मी कशाला झाकू? आत काय लोणचं घातलंय?"

"आणि माझा टॉवेल वापरलास. चिंब ओला आहे."

"अगं, मी जिमला आंघोळ करतो. इथं टॉवेलला हातसुद्धा लावलेला नाही." मग तिचा चेहरा बघून तो म्हणाला, "कन्डेन्सेशन असेल. हिवाळ्यात भिंतींना पाणी सुटतं इथे."

कन्डेन्सेशननं टॉवेल ओला होतो, हे तिनं मान्य केलं. सकाळी तो वाळल्यावर मात्र पापडासारखा कडक झाला होता आणि त्यावर पांढरे वेडेवाकडे डाग होते. तिनं तो नाकाशी नेला. घासलेटासारखा काहीतरी जड वास येत होता. साबण निघाला नसेल, तिनं ठरवलं, आणि टॉवेल दोनदा धुतला.

त्या संध्याकाळी टबाच्या कडेला तिला काळपट, तेलकट वळ दिसला. बोटानं पुसला तर बोट काळं झालं. हे माझंच तेल, तिला वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं, की मी तर इथं केसांवरून पाणीच घेतलेलं नाही.

३

पुढच्या शिकवणीला इसोबे-सान थकलेल्या दिसल्या. बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मेधानं विचारलं तेव्हा त्या ओशाळल्यासारख्या हसल्या.

"टब तपासत होते. बूच गळतंय बहुतेक. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर झाकण उघडलं, तर आत थेंब नव्हता. तुम्हाला गार पाण्यात बसावं लागलं नाही ना? मला फार लाज वाटली. माफ करा."

बाई खुर्चीतल्या खुर्चीत वाकल्या. मेधाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "नाही नाही, पाणी छान होतं," ती म्हणाली. एवढं बोलल्यावर पुढचं बोलायला जागा होती. ती जागा तशीच गेली.

मग इसोबे-साननी सोप्या, सुट्या वाक्यांत, विद्यार्थिनीला कळेल अशा जपानीत सांगितलं. त्यांचे वडील लढाईत पाणबुडीवर होते. हिंदी महासागरात त्यांच्या पाणबुडीनं एक मालवाहू जहाज बुडवलं. जहाज लवकर गेलं, माणसं मात्र पाण्यावर राहिली. वडील वर डेकवर होते. कोणाला उचलून घ्यायचं नाही, असा हुकूम होता. माणसं हाका मारत होती आणि त्यात हिंदुस्तानी खलाशी पुष्कळ होते.

"लोक म्हणतात तिकडचा समुद्र उबदार असतो. वडील म्हणायचे, अंधार पडला की कुठल्याही समुद्रात माणूस गारठतो. ते परत आले, लग्न झालं, मी झाले. पण ते कधी टबात बसले नाहीत. बाहेर बादलीनं पाणी घ्यायचे. संध्याकाळी टब भरायचा, तापवायचा, झाकण लावायचं आणि सगळ्यांनी न्हाणीघरातून निघून जायचं. आधी पाहुण्यांनी घ्यावं, घरच्यांनी घ्यावं, मागून त्या बुडालेल्या माणसांसाठी पाणी राहिलंच पाहिजे. वडील गेल्यावर आईनं केलं, मग मी."

"आणि ते... येतात?" मेधानं विचारलं. हसू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही.

"सकाळी टॉवेल ओले असतात," इसोबे-सान म्हणाल्या. "मी कधी पाहिलं नाही. पाहू नये. झाकण उचलल्याचा आवाज येतो, मी लहान असल्यापासून. कधी बोलल्याचा. मला शब्द कळत नाहीत." त्यांनी चिकटपट्ट्यांची बोटं एकमेकांत गुंतवली. "त्या दिवशी त्यांनी झाकण उचललं आणि आत काही नव्हतं. वडिलांनी एकदा तोंड फिरवलं, मीही तेच केलं. आता रोज पाणी तापवते, पण कोणी येत नाही. मी दाराबाहेर बसून माफी मागते. त्यांना जपानी कुठून कळणार? ते आल्याशिवाय मला झोप लागणार नाही, मेधा-सान. मला असं करून मरायचं नाही."

आता तरी. मेधाच्या ओठांवर वाक्य आलं होतं. मी केलं ते, तुमचं बूच चांगलं आहे. बाईंच्या मनावरचा धोंडा एका वाक्यात उतरला असता. पण मगाशीच ती "पाणी छान होतं" म्हणाली होती. आता खरं सांगायचं म्हणजे आधीचं खोटंही सांगायचं.

"प्लंबरला बोलवा," ती म्हणाली. "बूच जुनं झालं असेल."

रस्त्यात तिला स्वतःची इतकी किळस आली की ती एका दुकानासमोर उगाचच थांबून राहिली.

४

अनुरागला त्या आठवड्यात कामासाठी ओसाकाला जावं लागलं. मेधा संध्याकाळी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. नळ बंद केला आणि तिला न्हाणीघरातून आवाज आला.

प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात तसा. कोणीतरी झाकण गुंडाळून उचललं आणि पुन्हा खाली सोडलं. मग थोडी शांतता, मग पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. घाई नव्हती. एकानं बघून बाजूला व्हावं आणि मागच्यानं पुढे यावं, अशी ती शांतता होती.

वरच्या मजल्यावरचे लोक असतील, मेधानं स्वतःला सांगितलं. या इमारतींत पाइपांमधून आवाज कुठून कुठे जातात. तिनं तांदळात पुन्हा पाणी घेतलं. अर्धं बाहेर सांडलं.

मग कोणीतरी बोललं. दाराच्या आत, खालच्या पट्टीत, दमलेल्या गळ्यानं.

"ऊन न्हाय?"

दुसऱ्यानं म्हटलं, "न्हाय."

मेधाचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. गरम पाण्याला तिथे ऊन पाणी म्हणतात. खाडीपलीकडच्या वाडीतले बाप्ये पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जायचे. "बोटीवर गेलाय" म्हटलं की पुढं कोणी काही विचारायचं नाही. कोण परत यायचा, कोण नाही. ही बोली तिनं लहानपणी धक्क्यावर ऐकली होती आणि पुण्यात कॉलेजला आल्यावर, कोणी हसू नये म्हणून, स्वतःच्या जिभेवरून घासून काढली होती.

इसोबे-सानना जन्मभर जे शब्द कळले नाहीत, ते तिला कळत होते. उत्तर देऊ शकेल असं या सगळ्या शहरात कदाचित तीच एक होती. थांबा, पाणी तापवते, एवढं म्हणायला काय जात होतं? गॅस होता, पातेलं होतं.

तिनं दिवा घालवला आणि भिंतीला पाठ लावून, तोंडावर हात दाबून बसून राहिली. घरी कोणी नाही असं त्यांना वाटावं म्हणून. वर्गणीवाले आले की माणसं बसतात तशी.

बराच वेळ झाकण उचललं जात होतं. रागावलेलं असं कोणी बोललं नाही. त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

५

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती कालव्याच्या बाजूनं निघाली. अख्ख्या रस्त्यात ती जपानी वाक्य घोकत होती. मी पाणी सोडून दिलं. मला माहीत नव्हतं. मग मी खोटं बोलले. तीन वाक्यं, व्याकरणाला पक्की. आपल्या मागे ओल्या पावलांचा आवाज येतोय असं तिला दोनदा वाटलं. रस्ता कोरडा होता. तिनं वळून पाहिलं नाही.

इसोबे-साननी दार उघडलं. त्या अर्ध्या झाल्या होत्या. मेधानं तोंड उघडलं, पण बाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

"मी आज तुमच्याकडेच येणार होते. एक मागणं आहे, फार उर्मट मागणं. तुम्ही त्यांच्या देशाच्या. माझ्या वतीनं त्यांना सांगाल? तुमच्या भाषेत. चूक इसोबेची झाली, इसोबे माफी मागते, पाणी तयार आहे. एवढंच. तुमचं ऐकायला कदाचित येतील."

"इसोबे-सान, मला आधी तुम्हाला—"

"पाणी तापलंय. गार होण्याआधी, कृपा करा." बोलता बोलता त्यांनी तिला न्हाणीघरात नेलं सुद्धा. "मी बाहेर बसते. मी पाहू नये." सरकतं दार मागे बंद झालं.

ठीक आहे, मेधानं विचार केला. इथूनच सांगते. आधी त्यांना खरं सांगायचं, मग बाहेर जाऊन बाईंना. उलट बरंच झालं. त्यांना मराठीत सांगणं सोपं.

वाफेनं खोली धूसर झाली होती. खिडकीच्या खरबरीत काचेतून संध्याकाळचा उजेड जेमतेम येत होता. टबावर फळ्या नीट बसवलेल्या होत्या. घासलेटाचा वास आला. आणि मग, वाफ तशीच असताना, खोली गार पडली.

मधली फळी हळूच बाजूला सरकली. वीतभरच. त्या फटीतून टबाच्या कडेवर बोटं आली. धुण्याच्या दिवशी आपली होतात तशी, पांढरी, सुरकुतलेली. फक्त ती पुन्हा कधी वाळलीच नसावीत. नखांत काळं तेल होतं. त्या बोटांच्या मागे आणखी बोटं होती, पुढच्यांना न ढकलता वाट बघणारी.

"बाय गो," आवाज म्हणाला. पंगतीत शेवटी बसलेला माणूस विचारतो तसा, अजिजीनं. "त्या दिसाला पानी कोनी वतलान?"

मेधाला उत्तर माहीत होतं. मी, एक अक्षर. ओठ मिटून उघडले की झालं. त्या बोटांकडे बघताना तिला एवढंच कळलं, की आपण मी म्हटलं की ती बोटं आपल्याकडे वळणार.

"त्या बाईंनी," ती म्हणाली. "बाहेर बसल्यात ना, त्यांनी."

आपल्याला सांगितलं होतं तेच आपण बोललो, हा विचार तिच्या मनात लगेच हजर झाला. निरोप तर हाच होता. चूक इसोबेची.

बोटं कडेवर थोडा वेळ राहिली. मग एकेक करून मागे गेली. फळी जागेवर आली, कडेला कड लावून. टबात पाणी जराही हललं नाही.

मग दाराच्या पलीकडे, चटईवर, पाणी ठिबकायला लागलं. एका जागी, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. इसोबे-सानचा श्वास जोरात आत गेला आणि त्या म्हणाल्या, "या, या." तोच तोच शब्द, आनंदानं.

मेधानं दार ओढलं. खोलीत दुसरं कोणी दिसलं नाही. इसोबे-सान गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्या भोवतीची चटई काळी पडत चालली होती आणि त्यांचे कपडे गुडघ्यांपासून वर, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, कोणी हळूहळू पाण्यात उतरवावं तसे भिजत होते. ओठ निळे झाले होते. रात्रभर पाण्यात काढलेल्या माणसासारख्या त्या कुडकुडत होत्या, आणि तरी त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मेधाला तिकडे बघवेना.

आताही वेळ होती. ओरडून सांगता आलं असतं, आपल्या भाषेत, त्यांच्या भाषेत. ओली चटई आता तिच्या पायांपासून हातभर अंतरावर आली होती. मेधा एक पाऊल मागे सरली.

इसोबे-साननी मोठ्या कष्टानं मान वळवली आणि तिच्यापुढे कपाळ जमिनीला टेकलं. केसांतून पाणी गळत होतं.

"तुमचे उपकार, मेधा-सान," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत म्हणून ते आले."

आणि अशा वेळी जपानीत जे म्हणायची रीत आहे, इसोबे-साननीच पहिल्या धड्यात शिकवलेलं, ते मेधाच्या तोंडून अगदी बिनचूक निघालं.

"छे छे, त्यात काय एवढं."